खिशातला खेळ : छत्रपती संभाजीनगर परिसरातील एका सवयीचा इतिहास

हातात धरून खेळण्याचा संगणक ही वस्तू मराठवाड्यात नवी असली, तरी खेळ बरोबर घेऊन फिरण्याची सवय येथे फार जुनी आहे. पडदा, कळा, बॅटरी आणि टेबलावरच्या संगणकाचे बहुतेक सामर्थ्य एकाच सांगाड्यात बसवलेले हे यंत्र एका मोठ्या कंपनीने भारतात रीतसर विकायला आणले ते जुलै २०२३ मध्ये, म्हणजे औरंगाबाद शहराचे नाव शासकीय दप्तरी छत्रपती संभाजीनगर झाले त्यानंतर काही महिन्यांनी. त्याआधीच्या तीन-चार दशकांत सेलवर चालणारी खेळणी, टीव्हीला जोडायचे खेळ आणि मोबाइल फोन या शहरात येऊन रुळले होते. आणि त्याही आधी काही शतके कापडी पट, गंजिफांचे डबे आणि कवड्यांच्या पिशव्या दख्खनच्या रस्त्यांवरून प्रवास करीत होत्या. या साऱ्या वस्तूंचा इतिहास मांडताना खेळ किती रंजक होता याचीच चर्चा सहसा होते. प्रत्यक्षात मात्र कोणता खेळ टिकला आणि कोणता मागे पडला, हे तो चालता ठेवायला काय लागत होते यावरच अधिक ठरले. कधी त्यासाठी भिडू लागत, कधी सेल, कधी अखंड वीज, तर कधी यंत्र उघडून पुन्हा बंद करता येणारा कारागीर.

शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरच्या वेरूळ येथील शैव लेण्यांत शिव आणि पार्वती सारीपाट खेळत असल्याचे शिल्पपट आहेत. रावण की खाई या नावाने ओळखले जाणारे १४ क्रमांकाचे लेणे, रामेश्वर हे २१ क्रमांकाचे आणि धुमार लेणे हे २९ क्रमांकाचे, अशा तीन ठिकाणी हा प्रसंग कोरलेला असून रामेश्वर लेण्यातील पट त्यांत सर्वाधिक जिवंत मानला जातो. तेथे हरलेला शिव आणखी एका डावासाठी पार्वतीची मनधरणी करीत आहे, असा अर्थ अभ्यासक लावतात. खालच्या भागात धनी खेळात गुंतलेले पाहून मोकाट सुटलेले गण नंदीची थट्टा करताना दिसतात. मूर्तिकाराने देवांच्या हाती शस्त्राऐवजी फासे द्यावेत आणि हरण्या-जिंकण्याचा रुसवा दगडात आणावा, यावरून सहाव्या-सातव्या शतकांत या प्रदेशात हा खेळ किती घरोघरचा असेल याचा अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रातील इतर लेण्यांत, विशेषतः नाशिकच्या पांडवलेण्यांत, दगडी जमिनीवर आणि ओट्यांवर खोदलेले खेळाचे पटही आढळले आहेत. हे पट जागचे हलत नाहीत; तेथे येणाऱ्याने खडे किंवा बिया आणायच्या आणि डाव मांडायचा, अशी ती व्यवस्था असणार. म्हणजे पट सार्वजनिक आणि सोंगट्या खासगी, अशी खेळाच्या सामानाची विभागणी तेव्हापासूनच होती.

खेळाचे सगळेच सामान उचलून नेता येऊ लागले ते पट कापडाचा झाल्यावर. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे सविस्तर वर्णन असून त्यांत बुद्धिबळ, फासे आणि कवड्यांचे खेळ येतात. आजच्या मराठवाड्याचा बराच भाग त्या वेळी याच राज्यात मोडत होता. सारीपाटाचा अधिक चिन्हासारखा चार पाखांचा पट कापडावर शिवून घेतला, की त्याची घडी करून त्यातच सोंगट्या आणि कवड्या गुंडाळता येतात, आणि घडी उलगडली की तो पट कोणत्याही ओसरीवर, तळावर किंवा धर्मशाळेत पसरता येतो. कापड मळते, पण मोडत नाही. सोंगटी हरवली तर तिच्या जागी चिंचोका चालतो. कवडी फुटली तर दुसरी मिळते. दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्य असल्याने हा खेळ राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सारखाच पोचला, आणि पुढच्या कोणत्याही नेता येण्याजोग्या खेळाला हे साधलेले नाही.

गंजिफांचे तसे नव्हते. गंजिफा म्हणजे गोल आकाराचे, हाताने रंगवून लाखेचा लेप दिलेले पत्ते. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील एका सरदाराला हे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि भारतातील गंजिफांचा तो सर्वांत जुना ठाम उल्लेख समजला जातो. मोगली गंजिफांत आठ रंगांचे ९६ पत्ते असत, तर दशावतारी गंजिफांत विष्णूच्या प्रत्येक अवतारासाठी बारा याप्रमाणे १२० पत्ते असत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, १६५३ नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, आणि पुढे अनेक दशके मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांमुळे छावण्यांचे जग या शहराभोवती फिरत राहिले. अशा जगात डब्यात मावणारा आणि अंधार पडल्यावर दिव्याच्या उजेडातही खेळता येणारा खेळ सोयीचा होता यात शंका नाही. तरीही प्रत्येक पत्ता चिताऱ्याकडून रंगवून घ्यावा लागत असल्याने एक पान हरवले की अख्खा संच लंगडा होई. छापील युरोपीय पत्त्यांनी गंजिफा मागे सारल्या त्यामागे अभिरुचीचा भाग थोडा आणि पुरवठ्याचा भाग मोठा होता: कारखान्यात छापलेला ५२ पानांचा जोड फाटला तर दुसरा घेता येत होता. गंजिफांची कला महाराष्ट्रात पुढे तगली ती मुख्यतः सावंतवाडीत, आणि तीही तेथील राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मुद्दाम आधार दिल्यामुळे.

हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाडहून निघणारा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास औरंगाबादवरून सुरू झाला, तेव्हा छापील पत्त्यांना हक्काचे नवे ठिकाण मिळाले. रेल्वेच्या डब्यात मांडीवर टॉवेल पसरून मेंढीकोट, रमी किंवा बदाम सत्ती खेळणारी चौकडी हे चित्र पुढचे सुमारे शतकभर टिकले. या खेळाला यंत्र लागत नाही. मात्र भिडू लागतात, आणि ते सारखेच निवांत असावे लागतात. एकट्या प्रवाशाला बरोबर नेता येईल असा खेळ त्या काळात जवळजवळ नव्हताच, आणि ही उणीव भरून काढण्याचे काम विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात जपानमधील एका अभियंत्याने केले.

निन्टेंडो या कंपनीतील गुनपेई योकोई यांना आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी खिशातल्या गणकयंत्राच्या कळांशी चाळा करताना दिसला आणि त्यावरून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. या कल्पनेतून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आले आणि १९८९ मध्ये ‘गेम बॉय’. योकोई यांचा आग्रह असा की जुने, स्वस्त आणि पुरते तावूनसुलाखून निघालेले तंत्रज्ञान नव्या कामी लावावे. म्हणूनच गेम बॉयचा पडदा हिरवट छटेचा, बिनरंगी आणि बिनप्रकाशाचा होता, पण तो चार पेन्सिल सेलांवर दहा-पंधरा तासांहून अधिक चाले. सेगा कंपनीच्या १९९० च्या ‘गेम गिअर’मध्ये रंगीत, उजळ पडदा होता, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. बाजाराने फिका पडदा निवडला. पुढे तीन दशकांनी हातातल्या संगणकांच्या बाबतीत हीच निवड नव्याने करावी लागली, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

औरंगाबादच्या मुलांपर्यंत गेम बॉय क्वचितच पोचला. त्याची कारणे दिल्लीच्या धोरणात होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर परवान्याचे आणि संख्येचे निर्बंध होते, ते पूर्णपणे उठले १ एप्रिल २००१ रोजी. शिवाय १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतरही सीमाशुल्काचा सर्वोच्च दर १५० टक्के ठेवलेला होता आणि तो टप्प्याटप्प्याने खाली येत १९९५ मध्ये ५० टक्क्यांवर आला. अशा परिस्थितीत परदेशी खेळ येण्याच्या वाटा दोनच उरत: आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून सुटीवर येणाऱ्या नातेवाइकाची बॅग, किंवा मुंबईतील मनीष मार्केटसारख्या ठिकाणचा आडमार्गाचा माल, जो तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसने परतणाऱ्यांच्या सामानातून शहरात येई.

टीव्हीला जोडायचा खेळ त्या मानाने लवकर रुळला, कारण टीव्ही घरात आलेला होता. सिडकोने १९७० च्या दशकात नव्या औरंगाबादची आखणी केली, दूरदर्शनच्या प्रक्षेपण केंद्रावरून त्या भागातील एका चौकाला टीव्ही सेंटर हे नाव पडले ते आजतागायत कायम आहे, आणि ऐंशीच्या दशकात पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिल्यावर रंगीत टीव्हीचे उत्पादनच शहराच्या वेशीवर आले. या टीव्हीला जोडले जाणारे स्वस्त खेळसंच बहुधा निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची तैवान-चीनमध्ये केलेली नक्कल असत. त्यांच्या पिवळ्या किंवा काळ्या कप्प्याला सगळे कॅसेट म्हणत, जरी तिच्यात फीत नसून स्मृतिचिप बसवलेली हिरवी पट्टी होती. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून तिच्या पितळी दातांवर फुंकर मारायची आणि ती पुन्हा बसवायची, हा उपाय त्या पिढीतील प्रत्येकाला माहीत होता. त्यात गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवताना दातांवरचा गंज घासला जाऊन संपर्क जुळे, उलट तोंडातील ओलाव्याने गंज वाढतच असे.

सोबत नेण्याच्या खेळांच्या स्थानिक इतिहासात सर्वांत मोठी जागा मात्र ‘ब्रिक गेम’ला द्यावी लागते, आणि अभ्यासकांनी त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले आहे. नव्वदच्या दशकात खेळण्यांच्या दुकानांत, गुलमंडीसारख्या बाजारपेठांत आणि नवरात्रात भरणाऱ्या कर्णपुऱ्याच्या यात्रेसारख्या ठिकाणी खेळण्यांचा जो माल येई, त्यात हे चिनी बनावटीचे यंत्र हळूहळू नित्याचे झाले. त्याचा मूळ खेळ म्हणजे अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केलेला ‘टेट्रिस’: वरून पडणारे चार चौकोनांचे तुकडे फिरवून खाली गच्च ओळी रचायच्या. पडद्यावर दहा उभे रकाने आणि वीस आडव्या ओळी असे दोनशे चौकोन. प्रत्येक चौकोन काचेत आधीच कोरलेला, फक्त काळा किंवा कोरा होऊ शकणारा. या दोनशे ठिपक्यांत रणगाडाही मांडला जाई, मोटारही, आणि नदी ओलांडणारा बेडूकही; तो बेडूक आहे हे पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाचूनच कळे. खोक्यावर आणि यंत्राच्या छातीवर ‘९९९९ इन १’ असा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात खेळ डझनभराहून फार जास्त नसत. वेग आणि पातळी यांची प्रत्येक जोडी वेगळा खेळ म्हणून मोजून तो आकडा फुगवलेला असे. मुलांना ते दुसऱ्या दिवशीच उमगे आणि तरीही तक्रार कोणी करीत नसे, कारण दोन पेन्सिल सेलांवर हे यंत्र आठवडेच्या आठवडे चाले.

या दीर्घायुष्याचे रहस्य पडद्यात आहे. द्रवस्फटिकाचा असा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. तो बाहेरचा प्रकाश अडवतो किंवा जाऊ देतो, आणि एवढ्यासाठी त्याला नगण्य वीज लागते. त्यामुळे यंत्र उन्हात उत्तम दिसे आणि अंधारात मुळीच नाही. यंत्र निवडतानाची कसोटीही त्यानुसार ठरली होती: मागचे झाकण सैल नाही ना, सेलच्या स्प्रिंगला गंज नाही ना, कळांखालचे रबर बसलेले नाही ना, आणि दुकानदार समोर चालू करून दाखवतो का. सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत, थकलेले सेल उन्हात ठेवून किंवा दातांनी दाबून आणखी दोन दिवस ओढले जात, आणि कळ चालेनाशी झाली तर घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर रबराखालचा काळा ठिपका पुसून ती जिवंत करी. कापडी पटानंतर दुरुस्तीची इतकी सोय प्रथमच झाली होती.

मोबाइल फोनने हे यंत्र संपवले, पण लगेच नाही. नोकियाने १९९७ मध्ये आपल्या ६११० या फोनमध्ये ‘स्नेक’ हा खेळ दिला आणि २००३ मध्ये भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून आणलेल्या ११०० या फोनमध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणि वर एक टॉर्च दिला. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षे विजेच्या तीव्र तुटवड्याची होती. वीजगळती आणि बिलवसुली यांच्या प्रमाणानुसार वाहिन्यांचे गट पाडून त्यांप्रमाणे भारनियमनाचे तास ठरत, आणि त्यामुळे एकाच शहरातील दोन वस्त्यांत वीज वेगवेगळ्या वेळी जाई. टीव्हीचा खेळ अशा वेळी मुकाच. टॉर्च असलेला, एकदा चार्ज केला की बरेच दिवस पुरणारा आणि अंधारात पडदा उजळणारा फोन मात्र चाले. त्या काळात मराठवाड्यातील घरांत साप वाढवण्याचा खेळ जो पसरला त्यात भारनियमनाचा वाटा मोठा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. त्या फोनची बीएल-५सी ही बॅटरी नखाने झाकण सरकवून काढता येई आणि ती इतकी सर्वत्र मिळू लागली की पुढे स्वस्त रेडिओ आणि स्पीकरही तिच्याच मापाने बनू लागले.

फोन आणि खेळयंत्र एकत्र करण्याचा नोकियाचा मोठा प्रयोग, म्हणजे २००३ चा ‘एन-गेज’, फसला. त्यात खेळाची चिप बदलायची तर बॅटरी काढावी लागे आणि बोलायचे तर फोनची कड कानाला लावावी लागे. सोनीचे ‘पीएसपी’ आणि निन्टेंडोचे ‘डीएस’ २००४ मध्ये जपानमध्ये आले. त्यांपैकी निन्टेंडोने भारतात स्वतःची विक्रीव्यवस्था कधी उभीच केली नाही. पैठण गेट परिसरात या सुमारास मोबाइलची जी बाजारपेठ दाटत गेली, तिचा खरा धंदा हँडसेट विकण्याइतकाच मेमरी कार्डात गाणी, चित्रपट आणि जावा भाषेत लिहिलेले छोटे खेळ भरून देण्याचाही होता. खेळ विकत घेण्याऐवजी भरून घेण्याची सवय येथे लागली, आणि तिची किंमत पुढे हातातल्या संगणकाच्या खरेदीदाराला मोजावी लागली, कारण त्या यंत्रात प्रत्येक खेळ रीतसर विकत घ्यायचा असतो. जिओची स्वस्त मोबाइल इंटरनेट सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाल्यावर मेमरी कार्डाची गरजही संपली. पबजी मोबाइल हा खेळ २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये तो भारतीय नावाने परतला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. वेरूळच्या फाशांपासून चालत आलेला खेळ आणि जुगार यांच्यातील सीमेचा वाद असा संसदेपर्यंत गेला, पण तो स्वतंत्र विषय आहे.

हातातल्या संगणकाचा जन्म मात्र फोनच्या वाटेने झाला नाही. २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट, सोनी आदी कंपन्यांनी पूर्ण संगणक तळहाताएवढा करण्याचे प्रयत्न केले ते महाग आणि मंद ठरले. २०१६ मध्ये चीनमधील जीपीडी या छोट्या कंपनीने कळा बसवलेला विंडोज संगणक विकून दाखवला. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम डेक’ आणल्यावर या वस्तूला बाजार मिळाला. सात इंची पडदा, ६६९ ग्रॅम वजन, १६ जीबी स्मृती आणि ४० वॉट-तासांची बॅटरी असे त्याचे मूळ रूप होते. व्हॉल्व्हने ते भारतात विकायला आणलेच नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात ते येण्याची वाट पुन्हा तीच, परदेशातून येणाऱ्याची बॅग किंवा हमीशिवाय माल मागवणारा व्यापारी. असूस कंपनीचे ‘आरओजी ॲलाय’ मात्र ६९,९९० रुपये किमतीला येथे रीतसर विकले जाऊ लागले, आणि लेनोव्हो, एमएसआय यांची यंत्रे त्यामागून आली.

यांतून निवड करताना खरेदीदार सहसा प्रोसेसरचे नाव पाहतो. त्याने आधी वॉट-तास पाहावेत. वॉट-तास म्हणजे बॅटरीत साठवलेल्या ऊर्जेचे माप: ४० वॉट-तासांच्या बॅटरीतून यंत्र २० वॉट ओढू लागले तर ते दोन तासांत संपते, आणि १० वॉट ओढले तर चार तासांत. मूळ स्टीम डेकची बॅटरी दोन ते आठ तास पुरते असा कंपनीचा जो मोघम वाटणारा दावा होता त्याचा अर्थ एवढाच, की मोठा त्रिमितीय खेळ आणि जुना सपाट खेळ यांची भूक चौपट वेगळी असते. या यंत्रांत प्रोसेसरला किती वॉट द्यायचे हे खेळणाऱ्यालाच ठरवता येते. पडद्याचा वेग सेकंदाला साठ चित्रांवरून चाळीस किंवा तीसवर आणला आणि वॉटची मर्यादा खाली ओढली, की वेळ वाढतो. सहा सेल पोटात घालणारा गेम गिअर आणि चार सेलांवर भागवणारा गेम बॉय असे दोन स्वभाव आता एकाच यंत्राच्या मेनूत येऊन बसले आहेत. वजनाचेही तसेच. गेम बॉय सेलांशिवाय सुमारे २२० ग्रॅमचा, आरओजी ॲलाय ६०८ ग्रॅमचा आणि दोन्ही बाजूंच्या कळा जोडलेला लेनोव्होचा लीजन गो ८५४ ग्रॅमचा. हातात उचलून पाच मिनिटे धरल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ मनगटाला कळत नाही.

दुसरा विचार प्रणालीचा. स्टीम डेक लिनक्सवर चालतो आणि विंडोजसाठी लिहिलेले खेळ त्यावर ‘प्रोटॉन’ नावाच्या दुभाष्या थरातून चालवले जातात. हा थर खेळाने विंडोजला केलेली प्रत्येक मागणी त्याच क्षणी लिनक्सला कळेल अशा रूपात बदलून देतो. बहुतेक एकट्याने खेळायचे खेळ त्यावर उत्तम चालतात, आणि कळ दाबताच झोपणे व पुन्हा दाबताच नेमक्या त्याच क्षणी जागे होणे ही त्याची सोय बसच्या प्रवासात फार मोलाची ठरते. परंतु लबाडी पकडणारी प्रणाली संगणकाच्या गाभ्यात बसवणारे ‘व्हॅलोरंट’सारखे स्पर्धेचे खेळ त्यावर चालत नाहीत, आणि भारतीय तरुणांत नेमके हेच खेळ लोकप्रिय आहेत. विंडोजच्या यंत्रावर ते बसवता येतात, मात्र तेथे सात इंची पडद्यावर बोटाने बारीक चौकोन टिपत बसावे लागते. २०२५ मध्ये लेनोव्होच्या लीजन गो एस या यंत्रासोबत व्हॉल्व्हची प्रणाली प्रथमच दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर रीतसर आली, त्यामुळे ही निवड पुढे यंत्राची न राहता प्रणालीची होत जाईल असे दिसते.

तिसरी बाब मराठवाड्याच्या हवेची, आणि परदेशी परीक्षणांत ती सापडत नाही. स्टीम डेक भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असताना उत्तम चालतो, त्याहून उष्ण हवेत तो स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करू शकतो, असे व्हॉल्व्हने २०२२ च्या युरोपीय उष्णतेच्या लाटेत जाहीर केले होते. छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीपलीकडे जाणे नवे नाही, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही तो लवकर उतरत नाही. म्हणजे शाळा-कॉलेजांच्या सुटीत, जेव्हा हे यंत्र सर्वाधिक वापरले जायचे, तेव्हाच ते सर्वांत मंद चालायचे. अशा दिवसांत वॉटची मर्यादा मुद्दाम खाली ठेवणे, मागची हवेची जाळी गादीवर किंवा उशीवर न टेकवणे आणि चार्जिंग चालू असताना जड खेळ टाळणे, हे उपाय कामाचे आहेत. बॅटरी सतत तापलेली राहिली तर तिची साठवण कायमची घटते, हे तर फोनच्या अनुभवाने शहराला आधीच ठाऊक आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत ही यंत्रे ब्रिक गेमहून दूर आणि गंजिफांच्या अधिक जवळ गेली आहेत. अंगठ्याखालच्या दांड्या प्रथम बिघडतात: त्यांच्या आत कार्बनच्या पट्टीवर घासणारा संपर्क असतो, तो झिजला की खेळाडूने हात न लावताही पडद्यावरचे पात्र एका बाजूला सरकू लागते. चुंबकाच्या साहाय्याने जागा ओळखणाऱ्या नव्या प्रकारच्या दांड्यांत असे घर्षण नसल्याने त्या जास्त टिकतात, आणि म्हणून खरेदीच्या वेळी दांडी कोणत्या प्रकारची आहे हे विचारणे शहाणपणाचे ठरते. काही यंत्रांत बॅटरी इतकी घट्ट चिकटवलेली असते की ती काढायला गरम हवेचा झोत लागतो, काहींत ती स्क्रू सोडवून सहज निघते. पैठण गेटच्या कारागिरांना गरम हवा आणि बारीक डाग देण्याचे काम नवे नाही, कारण फोनच्या दुरुस्तीत ते रोजचेच आहे. अडचण सुट्या भागांची. फोनच्या पडद्यासारखा त्यांचा साठा स्थानिक दुकानात ठेवण्याइतके गिऱ्हाईक अजून नाही, म्हणून भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा थेट चीनमधून मागवावा लागतो आणि तोवर यंत्र खोक्यात पडून राहते. जुने यंत्र विकत घेणारे म्हणून दोन गोष्टी दुकानातच तपासतात: मेनूत दांड्यांची चाचणी लावून त्या मोकळ्या सोडल्यावर मधोमध स्थिर राहतात का, आणि बॅटरीच्या मूळ वॉट-तासांपैकी किती शिल्लक आहेत. हा दुसरा आकडा विंडोजच्या यंत्रात एका आज्ञेने मिळणाऱ्या अहवालात दिसतो, आणि विक्रेत्याशी भाव करताना तोच सर्वाधिक उपयोगी पडतो.